गादीपुरता बदललेला देव

बाई, तुम्ही युरोपचा नकाशा भिंतीवर सोडायचात तेव्हा आधी कापडाची सर्र आणि मग खालची लाकडी पट्टी आपटल्याची टक्क ऐकू यायची. आज सकाळपासून तो आवाज कानात आहे. आठवीचा वर्ग, कविता नुकतीच म्हणून झालेली, तिची चाल अजून ओठांवर, आणि तुम्ही त्या राजाची गोष्ट सांगता आहात. प्रॉटेस्टंट म्हणून लढला, पण राजधानीतले कॅथलिक दरवाजे उघडेनात, तेव्हा स्वतःच कॅथलिक झाला आणि गादीवर बसला. मी पेपरात लिहिलं होतं, ‘राजाने शहाणपणाने धर्म बदलला.’ तुम्ही टेबलापाशी बोलावलंत. “राजा शहाणा, मग धर्म सोडला नाही म्हणून जिवंत जळाले ते खुळे का रे?” वर्ग हसला. मला मान वर करवेना.

आता अठ्ठ्याहत्तरी उलटली. इथे टेक्सासात मुलाकडे राहतो, सकाळी फिरताना तुम्ही पाठ करून घेतलेल्या कविता पुटपुटतो. मुलगा निवडणुकीला उभा आहे. प्रचार सांभाळायला ठेवलेल्या माणसानं सल्ला दिला म्हणून तीन महिने दर रविवारी चर्चला जातो. या रविवारी बाप्तिस्मा घेणार, सगळ्यांसमोर.

“मनापासून घेतोयस?” मी विचारलं.

“बाबा, लोकांना कंफर्टेबल वाटलं पाहिजे. निवडून आलो की बघू.”

“म्हणजे येशूलाही टर्म लावलीस.”

“प्लीज, ड्रामा नको. आणि उद्या फोटोग्राफर येतोय, तुमच्या खोलीचं दार लावून घ्या. देव्हारा फ्रेममध्ये येतो.”

किळस आली, बाई. धर्म बदलण्याची नव्हे. माझी बायको हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होती, तेव्हा शेजारचं म्हातारं ख्रिस्ती जोडपं माझा हात धरून प्रार्थना करायचं. त्यांच्या डोळ्यांत होतं त्यातलं थोडं जरी याच्या डोळ्यांत दिसतं, तर मीच गाडी काढून त्याला चर्चला सोडलं असतं. याला देव्हाऱ्यातलाही नको आणि क्रुसावरचाही नको. जो मतं देईल तो देव. त्या राजानं निदान वेढा तरी घातला होता, उपासमार पाहिली होती. आमच्या चिरंजीवांनी एसीत बसून, कॉफी पीत ठरवलं. आणि फोटोग्राफर आला तेव्हा दार कुणी लावलं? मीच. आतल्या बाजूनं कडीसुद्धा घातली.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. मुलगा-सून कामावर. दारात त्या चर्चचे पास्टर, एकटेच, टोपी हातात धरून. मला वाटलं मुलाकडे आले असतील. म्हणाले, “नाही सर, तुमच्याकडेच आलोय. रविवारी त्याला पाण्यात उतरवायच्या आधी एक विचारायचंय. तुम्ही वडील आहात. डज ही मीन इट? मनापासून घेतोय का तो? तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबवेन.”

त्यांना बाहेर बसवलंय. चहा टाकतो म्हणून आत आलोय आणि उभ्या उभ्या हे लिहितोय. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगतो, बाई. मी हो म्हणणार आहे.