लाफ्लरसाहेबाचं दुसरं आडनाव

१० एप्रिल ९९, शनि.
काल गावी अम्माचा चाळिसावा झाला. मी इथे आखातात, करामा भागातल्या खोलीवर डाळ-भात खाल्ला, कुणाला बोललोही नाही.
पासपोर्ट साहेबाच्या तिजोरीत. फेब्रुवारीत हात जोडून मागितला. अम्माचं काही खरं नाही सर, चार दिवस द्या. "आफ्टर द टेंडर, अन्वर." मान वर केली नाही त्याने. चौथ्या दिवशी धाकट्या सलीमचा फोन. थोरला मुलगा मी, आणि आईच्या मातीला माझा हात नाही. लाफ्लर, हे मी विसरणार नाही.

२४ एप्रिल, शनि.
टेंडर संपलं, आता साहेबाचं घरचं काम माझ्या डोक्यावर. कॅनडाहून चर्चच्या जुन्या वहीच्या झेरॉक्स आल्यात. जन्म, लग्नं, मयत, सगळं फ्रेंचमध्ये. फ्रान्समधून पहिला आलेला लाफ्लर कोण, ते त्याला हवंय. फ्रेंच त्यालाही येत नाही. आजोबांनी घरात इंग्रजी सुरू केली म्हणे. मी नावं कॉम्प्युटरवर चढवतो. सहा पिढ्या लागल्या, त्यामागे वहीत लाफ्लरच नाही. साहेबाचं तोंड एवढंसं झालं होतं. बरं वाटलं मला.

१८ मे, मंगळ.
सापडला!
सगळ्यात जुन्या लाफ्लरच्या लग्नाची नोंद. नाव पोआरिये, मधे एक छोटा शब्द, आपल्या 'ऊर्फ'सारखा, पुढे लाफ्लर. साहेबाने त्यावर लाल फुली मारलीय: दोन वेगळी माणसं, चर्चची चूक. अरे गाढवा, माणूस एकच आहे! आम्ही सातबाऱ्यावर मुकादम आणि पासपोर्टवर सारंग, कारण आजोबा जहाजावर सारंग होते, खलाशांचे म्होरके. तलाठ्याकडे जाऊन सारंग शोधलं तर जन्मात जमीन सापडायची नाही.
जेवणाच्या सुट्टीत पोआरियेंची पानं काढली. साहेबाने ती उघडलीच नव्हती. आणखी तीन पिढ्या, एकाखाली एक. शेवटी फ्रान्सहून आलेला शिपाई, त्याची बायको, गावाचं नाव. लाफ्लर हे त्याचं पलटणीतलं नाव असणार.
सगळं एका कागदावर उतरवलं आणि खिशात घातलं. पानं होती तशी परत. साहेबाला चकार शब्द नाही.

९ जून, बुध.
साहेबाचा बाप तिकडे हॉस्पिटलात. नव्वदीचा. आपण कुठून आलो ते कळल्याशिवाय मरणार नाही म्हणतो. "हेल्प मी, अन्वर. ही इज वेटिंग."
मी शांतपणे म्हटलं, "आफ्टर द टेंडर, सर?"
कुठलं टेंडर, त्याने विचारलं. त्याच्या लक्षातही नाही! मरू दे त्याचा बाप, न कळता. त्याला कळू दे कसं वाटतं.

२६ जून, शनि.
साहेब कॅनडाला बापाकडे गेला. तासाभरात तिकीट. तिजोरी उघडली, स्वतःचा पासपोर्ट घेतला, पुन्हा कुलूप. बाकी आमचे सगळे आत.

३ जुलै, शनि.
संध्याकाळी ऑफिसात फोन. साहेब. काही सापडलं का? नाही सर. होल्ड ऑन, डॅडना बोलायचंय.
म्हाताऱ्याचा आवाज अगदी बारीक. "यू आर अन्वर? माय सन टोल्ड मी अबाउट युवर मदर. आय टोल्ड हिम, शेम ऑन यू."
म्हणजे साहेबाला आठवतंय. साल्याला सगळं आठवतंय! मला कधी सॉरी म्हणाला नाही, बापाजवळ जाऊन रडला.
म्हाताऱ्याने अम्माचं नाव विचारलं. झुलेखा, म्हटलं. त्याने दोन-तीनदा म्हणून पाहिलं, नीट जमेपर्यंत. ऑफिसात आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "अँड मी? डिड यू फाइंड मी?"
लाइन खराब आहे म्हणालो आणि ठेवला. लाइन चांगली होती.

५ जुलै, सोम.
काल अख्खा दिवस तो पोआरियेंचा कागद समोर. आजही. फॅक्स करावा तर साहेबाच्याच हातात पडणार, आणि तोच वाचून दाखवणार, मोठा गुणी मुलगा. ते नाही सहन होत. दुपारी नंबर फिरवला. साहेब हॅलो हॅलो करत होता, मागून म्हातारा खोकत होता. काही न बोलता ठेवला.
म्हाताऱ्याला सांगायचंय मला. मुलाला नाही. पण त्या खोलीत फोन एकच, आणि उचलतो तो मुलगाच.