वाळू, एकशे चार पौंड

३ नोव्हेंबर १९५७, रविवार

भिरभिरं पुन्हा उडणार!

सकाळी चंद्रप्रकाशशेठ आले. साकीनाक्याला त्यांचा कारखाना. कुठल्याशा संस्थानिकाच्या भंगारातून ते मशीन त्यांनीच उचलून आणलं होतं. ऑटोजायरो म्हणतात त्याला. नाकाशी विमानासारखा पंखा, आणि डोक्यावर तीन लांब पाती, ती नुसत्या वाऱ्यानं फिरतात. मी पहिल्या दिवसापासून भिरभिरंच म्हणते. पाच वर्षं जुहूच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होतं. आता त्याला काम मिळालंय — वर्सोव्यामागच्या खाजणात डासांवर औषध फवारायचं. अट एकच. उडवणाऱ्याच्या वहीत याच मशीनचे शंभर तास हवेत.

“अख्ख्या मुंबईत एकच माणूस, भाभी. आपला नंदूभाई. एकशे त्रेसष्ट तास!”

ह्यांनी शिरा दोनदा मागून घेतला. फ्लाइंग क्लबाच्या ऑफिसात पाच वर्षं खर्डेघाशी करून पाठीला पोक आलं होतं, ते एकदम गेलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

४ नोव्हेंबर

हे कामावर गेल्यावर ट्रंकेतून लॉगबुक काढलं. पानांना डांबराच्या गोळ्यांचा वास. ह्यांचं अक्षर तेव्हा किती सुरेख होतं! तारीख, वेळ, कुठून कुठे. आणि शेवटच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला तेच — ‘पुढची जागा: वाळू, १०४ पौंड.’

ती वाळू म्हणजे मी.

एकट्यानं जायचं तर मागच्या जागेवर बसायचं आणि पुढे वजन ठेवायचं, नाहीतर तोल जातो. म्हणून वाळूची पिशवी. पन्नास सालच्या मार्चमध्ये ती पिशवी फाटली. शेठची माणसं आली होती, पाती फिरायला लागलेली, आणि हे म्हणाले, “उत्तरा, तू बस.” चाचणीच्या मशीनमध्ये उतारू न्यायची परवानगी नव्हती. मग वहीत वाळूच लिहिली. साकीनाक्याच्या कोळशाच्या काट्यावर माझं वजन केलं, एकशे चार भरलं. घरी सासूबाईंना सांगितलं, महालक्ष्मीला जाऊन आलो. खरं वाटावं म्हणून कपाळाला कुंकू लावायला विसरले नव्हते हे.

६ नोव्हेंबर

आज पुन्हा वही घेऊन बसले. भात करपला.

दर रविवारी सकाळी जायचो. वरून आरे कॉलनीच्या म्हशी मुंग्यांसारख्या दिसायच्या, वर्सोव्याला वाळत घातलेले बोंबील चमकायचे. मी केसांना ह्यांचा मफलर गुंडाळायचे. इतकी सुखी मी नंतर झाले नाही. शुभा झाली तेव्हाही नाही, आणि हे कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते.

पण जे वहीत नाही तेही आज लिहूनच टाकते. मी बसायला लागले त्याच्या आधी, जानेवारीत, पहिल्याच उड्डाणाला, हे एकटे असताना आपटले होते. विमान धावत येऊन उतरतं. भिरभिरं जवळजवळ उभंच खाली येतं. जमीन अंगावर येते, तरी थांबायचं, आणि अगदी शेवटी हातातला दांडा पोटाशी ओढायचा. ह्यांच्या हाताला विमानाची सवय. आठशे तास विमानाचे! त्या आठशे तासांनीच घात केला. वेग कमी झाल्याबरोबर हातानं आपोआप दांडा पुढे ढकलला. चाक मोडलं, एक पातं मोडलं. ह्यांना खरचटलं फक्त. पण तेव्हापासून जमीन जवळ आली की ह्यांचे हात गोठायचे.

पुढच्या जागेलाही दांडा होता. इंजिन मंद झालं की मागून ऐकू यायचं, “उत्तरा, घे गं.”

मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा घाबरून दांडा पोटाशी ओढला, आणि तेच बरोबर निघालं. मला विमान येत नव्हतं म्हणून जमलं. आज ओळी मोजल्या. सहाशे एकतीस वेळा वर गेलो, सहाशे एकतीस वेळा मी खाली आणलं. वहीत तासांचा रकाना आहे. कुणी उतरवलं, त्याला रकानाच नाही.

९ नोव्हेंबर

शेठ सांगून गेले — औषधाची टाकी पुढच्या जागेत बसवणार. दहा गॅलन. भरली की माझ्याएवढी होते.

१० नोव्हेंबर, रविवार

भांडलो. शुभाला शेजारी विमलाकडे पाठवलं आणि भांडलो.

“टाकीला ‘घे गं’ म्हणणार आहात का?”

“पाच वर्षं झाली त्याला. आता नाही होणार तसं.”

“कशावरून?”

“एकशे त्रेसष्ट तास आहेत माझे, उत्तरा.”

मी वही आणून शेवटची पानं पुढ्यात धरली. बावन्न साल. वाळू १०४. वाळू १०६. वाळू १०९. वाळू ११३. मग काहीच नाही. शुभा पोटात होती, चौथा महिना संपत आला होता, आणि मी म्हटलं, आता पुरे. त्या दिवसानंतर हे एकदाही वर गेले नाहीत. शेठना सांगितलं, मशीन फार थरथरतंय. काही थरथरत नव्हतं.

हे वही मिटून उठले. “माझ्या हातात दुसरं काय आहे? क्लबातली पोरं मला नंदू क्लार्क म्हणतात.”

मी वही परत ट्रंकेत ठेवली.

१३ नोव्हेंबर

तीन दिवसांत ‘मीठ’ आणि ‘चावी’ एवढेच शब्द.

१७ नोव्हेंबर, रविवार

जुहूला गेले, हे गेल्यावर तासाभराने, सांगितलं नाही. हे शेडच्या मागे उभे होते. एकटेच. डोळे मिटून, हवेतला दांडा धरून, पोटाशी ओढत होते. परत ओढत होते. मी पुढे गेले नाही.

शेडमध्ये धाकू पात्यांना तेल पाजत होता. पहिल्यापासून तोच मेकॅनिक, मालवणकडचा. त्याला सगळं ठाऊक. मला बघून हात पुसत आला. म्हणाला, “वयनी, सायब एकटो उतरतलो कसो?”

“तू सांग ना त्यांना.”

“मी सांगूचा? तां तुमी सांगूक होया.”

मी कसं सांगू? चाचणी घ्यायला येणाऱ्या इन्स्पेक्टरला सांगितलं तर ह्यांची उरलीसुरली अब्रू जाईल. नाही सांगितलं तर हे जातील. रडले. मफलर अजून शेडमध्येच खिळ्याला टांगलेला आहे.

२६ नोव्हेंबर

उद्या चाचणी. टाकीत पाणी भरून, एकट्यानं. सकाळी ह्यांचा शर्ट इस्त्री करताना म्हटलं, “मी येणार उद्या.” हे म्हणाले, “ये.”

२७ नोव्हेंबर, बुधवार



हवाई खात्याचे इन्स्पेक्टर आले होते. शेठ नवा कोट घालून. हे मागच्या जागेवर बसले, पुढे टाकी. धाकूनं पंखा फिरवला. वरची पाती फिरायला लागली, आधी सावकाश, मग दिसेनाशी. मी ठरवलं होतं, चाकं हलली की मधे जाऊन उभं राहायचं. काय व्हायचं ते होऊ दे.

चाकं हलली. पंधरा-वीस हात पुढे गेली असतील. मी पळाले. पण माझ्या आधीच इंजिन बंद झालं.

पाती थांबेपर्यंत हे बसूनच होते. मग उतरले. सरळ इन्स्पेक्टरसमोर जाऊन वही उघडली.

“साहेब, हे तास माझे नाहीत. म्हणजे वर मी होतो. पण एकदाही मी उतरवलेलं नाही.”

“मग कुणी उतरवलं?”

ह्यांनी ‘वाळू’वर बोट ठेवलं, आणि मग माझ्याकडे दाखवलं. शेठ मटकन पायरीवर बसले. “वाट लागली यार!”

इन्स्पेक्टर माणूस रागीट नव्हता. सगळं ऐकून घेतलं. मग लाल पेनानं एकशे त्रेसष्ट तासांवर पान पान करत रेघा मारल्या. ह्यांनी स्वतःच पानं उलटून दिली. मी म्हटलं, मग ते तास माझे धरा. ते म्हणाले, “बाई, कागदाला वाळूचा अनुभव चालत नाही. शिकायचं तर शून्यापासून.”

परत येताना मी म्हटलं, “मी धावत येत होते.”

“दिसलं मला,” हे म्हणाले. “त्याच्या आधीच बंद केलं होतं.”

९ फेब्रुवारी १९५८

माझं शिकाऊ परवान्याचं कार्ड आलं. शेठ म्हणतात, “डास कुठे पळून जात नाहीत, भाभी. करा शंभर.” जमिनीवरचे धडे हे देतात. काटेकोर, अगदी मास्तरासारखे. पोरं आता काय म्हणतात, मी विचारत नाही.

१६ मार्च, रविवार

आज पहिल्यांदा एकटी. ह्यांनी वर्सोव्याहून वाळू आणली, स्वतः पिशवी शिवली, पुढच्या जागेत बांधली. मग गाठ आवळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “ती जुनी पिशवी फाटली नव्हती, उत्तरा. मीच ब्लेडनं कापली होती. एकट्यानं जायची हिंमत नव्हती.”

आठ वर्षं!  मफलर गुंडाळला आणि गेले.

जमीन जवळ आली तेव्हा सवयीनं कान मागे लागले. मागे कुणीच नव्हतं. दांडा पोटाशी घेतला.

माझ्या वहीतली एकटीची पहिली ओळ: शून्य तास, दहा मिनिटं. पुढची जागा: वाळू, एकशे चार पौंड. खरी.