एक हजार एक, अठ्ठ्याऐंशीच्या भावाने

ता. धानोरा, जि. गडचिरोली
पौष संपत आला

प्रवीणभाऊंना धाकट्या डोमाचा नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? वहिनींची साखर आटोक्यात असावी. तुम्ही दोघं शिवरात्रीला भद्रावतीच्या यात्रेबरोबर पशुपतिनाथला निघालात हे कळलं आणि बरं वाटलं. फोनच करणार होतो, पण फोन वाजला की आई शेजारी येऊन बसते, आणि काही गोष्टी तिच्यासमोर बोलता येत नाहीत.

आमच्याकडे धान घरात आलं. बाकी सगळं ठीक, फक्त तुमच्या आत्याबाईंच्या, म्हणजे आईच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. परवा तिने दारात उभ्या असलेल्या सायकलला बसायला सांगितलं. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी शिवरात्रीनंतरची तारीख दिली आहे, आणि यापुढे थांबू नका असं दोनदा बजावलं आहे. आई म्हणते, नवस फेडल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नाही.

नवस तुम्हाला माहीत आहेच, पुन्हा तिकडे जाणं झालं नाही म्हणून राहून गेला. आई आणि बाबा जानेवारी १९८८ मध्ये यात्रेच्या गाडीने पशुपतिनाथला गेले होते. मी सहावीत होतो. माझी गणिताची वही पाहून आईने पुढचा विचार केला आणि तिथे बोलली, पोरगा दहावी पास झाला तर एक हजार एक रुपये वाहीन. बोलताना हातात नेपाळच्या नोटा होत्या, म्हणून रुपये नेपाळचे, याबद्दल घरात वाद नाही. वाद भावाचा आहे.

आईचं म्हणणं, देवासमोर बोललो त्या दिवशीचा भाव धरायचा. तो तिला काही आठवेना, म्हणून मी गडचिरोलीला बँकेत गेलो. तिथल्या बाई सज्जन होत्या. नेपाळचा रुपया पाहिजे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, आजचा भाव का? मी म्हटलं, नाही, जानेवारी अठ्ठ्याऐंशीचा. त्यांनी मग विचारलं, नेपाळात कोणी आहे का? मी म्हटलं, महादेव आहे. त्यांनी मोबाइलमध्ये शोधून एका स्लिपच्या मागे लिहून दिलं : आपल्या शंभराला तेव्हा १६८, मग एक्क्याण्णवपासून १६५, आणि त्र्याण्णवच्या फेब्रुवारीपासून आजपर्यंत १६०.

ती स्लिप घेऊन स्टँडबाहेर चहा पीत होतो. एका माणसाने मागून वाचलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, हे आजचे आकडे होत का?" मी खरं ते सांगितलं, की जुने आहेत, अठ्ठ्याऐंशीपासूनचे. तो आणखी जवळ सरकला. "मंग यातला कोन्ता येते?" मी म्हटलं, सध्या एकशे साठ, तेहतीस वर्षांत हललेला नाही. त्याने माझ्या चहाचे पैसे दिले आणि लगबगीने गेला. (तो आकड्यांवर पैसे लावणारा सट्टापट्टीवाला होता हे मला धानोऱ्याच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं. त्या दिवशी कोणता आकडा निघाला, मी चौकशी केलेली नाही.)

घरी येऊन हिशोब केला. अठ्ठ्याऐंशीच्या भावाने हजार-एकला आपले ५९६ लागत. आईने तेवढे, तेंदूपत्त्याचे साठवलेले, लुगड्याच्या गाठीतून काढून दिले. पण ते आज तिकडे नेले तर ९५३ च होतात, देवाला अठ्ठेचाळीस कमी. मला झोप लागेना. भजनात पेटी वाजवणाऱ्या इसरूला विचारलं, तर तो म्हणाला, "बकरा बोल्ला त बकराच द्या लागते डोमाभाऊ. तवा तीनशेले भेटे म्हनून आज देवापुढं तीनशे रुपये ठेवता का?" हे बोलणं पटण्यासारखं होतं. आजच्या भावाने ६२६ लागतात.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "पाचशे शहाण्णव माह्ये. वरचे तीस तुह्ये. तुले पास होयाले सहा वर्षं लागले, त्याचा भुर्दंड मी काऊन भरू?"

यात खोट काढता येत नाही. मी ब्याण्णवला पहिल्या खेपेस पास झालो असतो तर भाव १६५ होता, एकोणीस रुपये वाचले असते. दुसऱ्या खेपेस तर परीक्षेच्या महिनाभर आधीच १६० झाला. (मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी इंग्रजीत काय फरक पडला असता, ठाऊक नाही.) तिसऱ्या खेपेस, चौऱ्याण्णवला, काय झालं ते तुम्ही जाणताच. निकाल आणायला तुम्हीच सोबत होतात, आणि पेढेही तुम्हीच घेतलेत.

६२६ रुपये सोबतच्या पाकिटात आहेत. पाकीट इसरूच्या हाती देतो आहे, तो पुढच्या आठवड्यात भद्रावतीला येईल. पैसे घरातून निघाले की आई दवाखान्यात यायला तयार आहे. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
डोमा

ता. क. आता खरं काम. भाऊ, मी तिसऱ्या खेपेसही नापास होतो हे देव, तुम्ही आणि मी, एवढ्यांनाच माहीत आहे. बाबा खाटेवर होते म्हणून तुम्ही "पोरगा पास झाला" म्हणालात, आणि बाबा त्याच आठवड्यात हसत गेले. तुम्हाला दोष देत नाही. पण आईला खरं सांगेन असं रोज दिवा लावताना ठरवतो, आणि दिवा लावून होतो. न केलेल्या कामाचे पैसे देवाला कसे द्यायचे? म्हणून एवढं करा. पैसे वाहताना दहावीचं नाव काढू नका. आईचे डोळे नीट होऊ दे, एवढंच म्हणा.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवल्यावर लक्षात आलं, पुन्हा उघडलं. हा नवस आता आजचा झाला. म्हणजे भाव आजचाच, आणि बँकेतल्या बाईंना मी उगीच त्रास दिला. आईने विचारलं तर मात्र तिचे पाचशे शहाण्णव देवाने १६८ च्याच भावाने घेतले म्हणून सांगा.