निळ्या गाठ्या

राजस्थान,
दि. १२ मार्च १९७७

ती. बेबीताईस देवमनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

अन् तरीबी तू तेच म्हणून राह्यली, की मी कामाले भिऊन पळालो! अवं, सातवी नापासाले तांब्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कोण उभं करते? मले केलं. मी दगड कुटतो, बाटल्या धुतो. साहेब ती भुकटी तेजाबात विरघळवतात, मंग नाकाले झोंबणारं एक पाणी टाकलं की सारं निळं! आपल्या झेंड्यासारखं. जेवढं गडद, तेवढं तांबं जास्त. भट्टीतून निंगालेला मळबी असाच मोजतात.

भट्टीमागच्या नालीकाठी निळी पापडी धरते. कोणी हात लावत नाही. मी खरवडून किलोभर जमवली. आमच्या कारखान्यातला पोहरादेवीचा धरमसिंग नवमीच्या यात्रेले घरी येऊन राह्यला, त्याच्याजवळ देतो. जयंतीले विहाराची भिंत रंगवजा. भाची वच्छीले मुका. दाजीले जयभीम. भांडली तरी चालते, पण लिहीत राहजो.

तुहा देवमन

इंझोरी,
दि. २ एप्रिल १९७७

चि. देवमनास बेबीताईचे आशीर्वाद. वि. वि.

भिंत अशी झाली की माहा रागच गेला. थोडी पापडी उरली. म्हणलं, पाडव्याले पांढऱ्या गाठ्या, तं जयंतीले निळ्या काहून नको? साखरेच्या पाकात चिमूटभर टाकून साच्यात एक माळ पाडली. कारंज्याच्या हलवायालेबी असा रंग जमणार नाही! चौदा तारखेले वस्तीतल्या साऱ्या लेकरायच्या गळ्यात घालतो. मामानं रंग धाडला म्हणून सांगतो, मंग फुगून बसजो.

वच्छीनं त्यातली गाठी चाखली अन् दिवसभर ओकली. दाजी म्हणतात, ऊन लागलं. कांद्याचा रस लावला. पोटात पाणी टिकत नाही, एवढंच. तू जेवत जा, अन् बहिणीची आठवण ठेवत जा.

बेबीताई

राजस्थान,
दि. ८ एप्रिल १९७७

ताई, जयभीम.

तार पोचली नसंल तं पहिले हे कर. त्या गाठ्या खड्डा करून पूर. एकबी लेकराच्या हाती लागू देऊ नको. ते ऊन नाही, ताई. वच्छीले ऊन नाही लागलं.

तुले ऐट दाखवाले मी त्या पापडीचा एक खडा साहेबाजवळ नेला, म्हणलं आमच्या विहारात किती तांबं लागलं ते मोजा. शंभरात चोवीस भाग निंगालं. आमच्या दगडात दोनबी नसतात! मी हसलो. साहेब हसले नाही. हात धुतले का म्हणे. मोरचूद हाय, अन् भट्टीचं अजून कायकाय त्यात. जहर. मी म्हणलं, भिंतीलेच तं लावली. खोलीवर आलो तं तुही चिठ्ठी.

वच्छीले कारंज्याच्या दवाखान्यात ने. मोरचूद पोटात गेली, एवढं डाक्टरले सांग. लाजू नको, माह्या नावानं सांग. भिंतीले कोणाले टेकू देऊ नका. अक्षर लागत नसंल तं दोनदा वाच.

आता भावाले शिव्या दे, पण वच्छी कशी हाय ते तारेनं कळव.

गाडीभाड्याचे पैसे होते. पण मी आलो तं नुसता मीच येईन, खाली खिशानं. म्हणून तेच तारेच्या मनीआर्डरनं पाठवून राह्यलो. पहिले वच्छीचा इलाज, मंग उरले तं साऱ्या लेकरायले कारंज्याहून पांढऱ्या गाठ्या: रुपये अडुसष्ट.