सहाणेवरची सुंठ

सुयोग,

मी ताईकडे घाटकोपरला जातेय. पहाटे अर्धशिशी उठली, उजेड सहन होईना, आणि ड्रॉवर उघडला तर माझ्या गोळ्यांची स्ट्रिप रिकामी. ताईलाही हाच त्रास, तिच्याकडे गोळी आहे. शेवटची गोळी काल तू घेतलीस ना? ऑफिसमधून डोकं धरून आलास तेव्हा बघितलं मी. घेतलीस ते घेतलीस, वर रिकामी स्ट्रिप परत जागेवर ठेवलीस. मानलं तुला!

मला मात्र महिनाभर कपाळावर सुंठीचा लेप. डोळ्यांतून पाणी आलं की म्हणायचास, "जळतंय म्हणजे लागू पडतंय." त्याआधी सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी, आणि त्यातली जिलेबी तूच जास्त हाणलीस. फॅमिली ग्रुपवर "लेपाने शंभर टक्के गुण" असं टाकलंस ना, तेव्हा मी गोळी घेऊन झोपले होते. हा तुझा पुरावा!

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं की आलं पोटात घेतलं तर काहींना थोडा फायदा होतो, पण लेपाला धड पुरावा नाही. तू तेव्हा मोबाइलमध्ये दुसरा उपाय शोधत होतास.

कालची आमटी फ्रिजमध्ये आहे, भात लाव. सुंठ सहाणेवरच ठेवलीय. डोकं दुखलं की उगाळ आणि चोपड. आणि हे वाचून कुठे जळलंच, तर खूश हो.

लागू पडतंय.

श्रुतिका