दहा मिनिटं पुढं

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

शेवटी ती फाईल माझ्याच टेबलावर आली. गगनबावड्याची! साहेब म्हणाले, "दीपा, नको असेल तर कृष्णातला देतो." मी म्हटलं, मीच करते. का म्हटलं कुणास ठाऊक.

काम तसं साधंच. एकाच कुंपणात दोन पर्जन्यमापक — एक जुना, एक नवा. आतली छोटी पळी पावसानं भरली की कलंडते आणि प्रत्येक कलंडणं वेळेसकट नोंदलं जातं. दोन्हींच्या वर्षभराच्या नोंदी वेळेला वेळ जुळवून एका फायलीत आणायच्या. जुन्याची देखभाल सम्मेदकडे होती. नऊ वर्षं नवरा-बायको एकाच ऑफिसात — तो डोंगरावर, मी संगणकापुढं. त्याला जाऊन आज सत्त्याहत्तर दिवस झाले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जूनपासून सुरुवात केलीय. आधी नुसत्या जुन्याच्या नोंदी, नव्याशी जुळवणं नंतर. १८ नोव्हेंबर उघडायचं धाडस होत नाही.

इथं लिहिते, दुसरीकडं कुठं बोलायची सोय नाही. त्या सकाळी पाचला उठून मी डबा केला, आणि हा बाबा तो ओट्यावरच विसरून गेला. एवढंच! अकरा वाजून चार मिनिटांनी त्याचा फोन आला. मी कट केला. मुद्दाम. राहू दे म्हटलं जरा उपाशी! पुन्हा त्यानं केला नाही. दुपारी दोनला गुरं घेऊन निघालेल्या गुंडूला तो कुंपणाच्या आत पडलेला दिसला. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, लगेच कळलं असतं तर वाचले असते.

सगळ्यांना मी सांगितलं — मीटिंगमध्ये होते, फोन ऐकूच आला नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

उघडला १८ नोव्हेंबर. अख्ख्या तालुक्यात पावसाचा थेंब नाही, आणि जुन्या मापकात पाऊस! सम्मेदची चाचणी ती. बाटलीनं हळूहळू पाणी ओतायचं आणि पळी नीट कलंडते का बघायचं. त्याच्या हातचा पाऊस. ११:०६ ते ११:११.

म्हणजे मी फोन कट केल्यावर तो काम करत होता! मदतीसाठी नव्हताच तो फोन. डब्याचं काहीतरी लाडीगोडीचं बोलणार असणार. नेहमी पळी पन्नास वेळा कलंडवायचा, त्या दिवशी एकतीसवर थांबलाय. तेव्हा कळ आली असेल. पण ते फोननंतर. नंतर! ऑफिसातच रडले. कृष्णात पाणी घेऊन आला.

घरी जेवताना सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. कट केल्याचंसुद्धा. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग एकच विचारलं, "त्या यंत्राला येळ कोण सांगतंय गं?"

"सम्मेदच लावायचा. बॅटरी बदलली की."

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "जेव. दिवस मावळंल."

सोमवार, १० फेब्रुवारी

ऑफिसला उशीर. रोजच्यासारखी भिंतीवरचं घड्याळ बघूनच निघाले होते तरी!

बुधवार, १२ फेब्रुवारी

पुन्हा उशीर. पण रात्री झोप लागते आता. ओट्याकडं बघवतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कृष्णात माझ्या खुर्चीमागं उभा राहून म्हणाला, "मॅडम, जुनं दहा मिनटं पुढं पळतंय की! जूनपासनं. परत्येक सरीला बघा."

बघितलं. एकच सर नव्यात ३:२०ला, जुन्यात ३:३०ला. सगळीकडं तेच. नव्याला वेळ उपग्रहाकडून येते, ती चुकत नाही. जुन्याची वेळ सम्मेदनं मे महिन्यात बॅटरी बदलताना लावली. मनगटावरच्या घड्याळावरून.

आणि ते घड्याळ दहा मिनिटं पुढं! घरातलं भिंतीवरचंही तसंच. जैन रीतीप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकावीत म्हणून सासूबाईंनी ते लग्न होऊन या घरात आल्यापासून पुढं ठेवलेलं. त्यांचा लेक तेच शिकला. मला माहीत होतं. रोज बघत होते. आणि डोक्यात आलं नाही!

दहा वजा केले. १०:५६ ते ११:०१. फोन ११:०४.

एकतीसवर बाटली खाली ठेवली आणि मला फोन केला. दुसऱ्या कुणाला नाही. मलाच.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सासूबाईंना सांगायचं नाही. तो फोन साधाच होता, असं त्यांना वाटू दे. म्हातारपणी तेवढंच. माझं मी बघेन.

सोमवार, १७ फेब्रुवारी

फाईल पाठवली. जुन्याच्या सगळ्या नोंदी दहा मिनिटं मागं घेतल्या. चाचणीच्या ओळी काढून टाकायच्या असतात, त्याही काढल्या. एकतीस.

घरी आले, मोबाईल चार्जिंगला लावला. मोबाईलवर सहा वाजून पाच. सहज वर बघितलं — भिंतीवरही सहा वाजून पाच!

"आई, घड्याळ कुणी मागं केलं?"

"मीच की. तू यंत्राचं सांगितलंस न्हवं, त्याच सांजंला." माझ्याकडं न बघता ताट वाढत होत्या. "बस. आधी जेवून घे."

म्हणजे माझ्या आधी कळलं होतं त्यांना. दहा दिवस त्या मला गरम भाकरी वाढत होत्या.