एकट्याला पुरेल असं

आई, तुझे जावई आता घरी राहत नाहीत. हे वाक्य मी अजून कुणासमोर इतकं सरळ म्हटलेलं नाही. शेजारी विचारतात तेव्हा मळ्यात काम निघालंय असं सांगते, आणि त्यांना ते पटतं, कारण द्राक्षाच्या मळ्यात काम कधी नसतं? तुला मात्र खोटं सांगावंसं वाटत नाही. आमचं भांडण झालेलं नाही. दुसरी बाई नाही. आजारही नाही, तशी शंका आली म्हणून मुलीच्या हट्टाखातर सगळ्या तपासण्या करून घेतल्या, आणि डॉक्टर म्हणाले की यांची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे.

सुरुवात घरापासून झाली. यंदा मी शाळेतून निवृत्त झाले. हे अंबडच्या कंपनीतून आधीच मोकळे झाले होते. आमचं सिडकोतलं घर तुला आठवत असेल, खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, वर झोपायच्या खोल्या, मध्ये तो उभा जिना. तू आलीस की खालीच अंथरूण घालायचीस आणि म्हणायचीस, हा जिना म्हातारपणी दावा साधणार. साधला. माझे गुडघे बोलायला लागले, तसं सगळ्यांनी ठरवलं की आता हातपाय चालताहेत तोवर जागा बदलायची. मुलगा म्हणे पुण्याला या, माझ्याच बिल्डिंगमध्ये खालचा मजला बघतो. मुलगी म्हणे नाशिकच बरं, पण लिफ्ट पाहिजे आणि दवाखाना जवळ पाहिजे. मी आपल्या मनाशी पाथर्डी फाट्याकडच्या नव्या इमारती धरल्या होत्या. हे प्रत्येकाच्या बोलण्याला मान डोलवायचे. त्या मान डोलवण्याला मी होकार समजत आले, लग्न झाल्यापासून.

एका रविवारी आम्ही तिथला सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो. सगळं चकचकीत, काचेच्या बरणीत खोटी लिंबं, पलंगावर बसू नये अशी पांढरी चादर. दाखवणारी मुलगी लाघवी होती, मला आई आणि यांना काका म्हणत होती. ही मास्टर बेडरूम, इथून सकाळचं ऊन येतं, असं ती सांगत होती. मी स्वयंपाकघरात ओट्याची उंची हाताने अजमावत होते. सवयीने नळ फिरवला, त्याला पाणीच नव्हतं. तेवढ्यात बाहेरून यांचा आवाज आला. नेहमीचाच शांत आवाज, भाजीवाल्याला भाव विचारावा तसा. "एकट्याला पुरेल असं काही आहे का तुमच्याकडे?" त्या मुलीला वाटलं काका गंमत करताहेत, ती हसली. मलाही हसू आलं. मग मी बाहेर येऊन यांचा चेहरा पाहिला, आणि परत आत जाऊन तो कोरडा नळ बंद करायला लागले. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

येताना स्कूटरवर मी मागे बसले होते. यांची पाठ समोर, हेल्मेट, आणि माझ्या मांडीवर त्या मुलीने दिलेली रंगीत पत्रकं. सिग्नलला थांबल्यावर हे मान न वळवता म्हणाले, "मला थोडे दिवस एकट्याला राहायचंय. सायखेड्याला, आपल्या मळ्यातल्या खोलीत. थोडे दिवस म्हणजे, कदाचित कायमचंच."

"माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग?"

"काहीच नाही गं. मी आयुष्यात कधी एकटा राहिलो नाही."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला, हे निघाले, आणि मी पडू नये म्हणून यांच्याच खांद्याला धरलं. घर येईपर्यंत तो हात तिथून काढावा की राहू द्यावा हे मला कळेना. आई, मला राग आला नव्हता, रडूही आलं नव्हतं. कानात नुसता दडा बसला होता. घरी येऊन मी कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, आणि उघडला तर डब्यांत डाळ होती, तांदूळ होता, पाणी मात्र नुसतं कुकरच्या तळाशी घातलेलं.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लहानपणी भाऊ सगळे एका खोलीत, मग होस्टेल, मग लग्न, मग सासूसासरे आमच्याकडे आले ते शेवटपर्यंत. सासऱ्यांचं सगळं अंथरुणात होतं तेव्हा यांनीच केलं, रात्रपाळी करून आल्यावर. मी हे सगळं पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणूनच वाटायचं की ह्या माणसाचं मला काही कळायचं राहिलेलं नाही.

मुलगा पुण्याहून धावत आला आणि बापाला खूप बोलला. लोक काय म्हणतील हे त्याने बाबांना विचारलं, जे बाबा त्याला जन्मभर सांगत आले की लोकांचं ऐकू नकोस. हे ऐकत ऐकत पिशवी भरत होते. दोन पँटी, धोतर, रेडिओ आणि रोजच्या गोळ्या एवढं घेऊन गेले. मळ्यातली खोली म्हणजे विहिरीजवळची, जिथे फवारणीचा पंप आणि रिकामे क्रेट ठेवायचे ती. बाग धाकटे दीर करतात. जाऊबाईंनी मला फोन केला. "भाऊजींना जेवाया बोलावते तं नाय म्हणत्यात, हातानं करून खात्यात. मला लय भ्याव वाटतंय. तुमचं काय झालंय का?" मी म्हटलं काही नाही. त्या म्हणाल्या, काही झालं असतं तर बरं होतं, मिटवता तरी आलं असतं. त्या खरं तेच बोलल्या.

महिनाभर मी गेले नाही. मग एक दिवस न कळवता सायखेड्याची बस धरली. मला वाटलं होतं, दाढी वाढलेली असेल, भांडी तशीच पडलेली असतील, मला बघून डोळ्यांत पाणी येईल. तयारीनेच गेले होते, डब्यात पुरणपोळ्या घेऊन. खोलीजवळ पोचते तर आतून गुणगुणणं ऐकू येतंय. मी दारातच थांबले. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्या माणसाला गुणगुणताना ऐकलेलं नव्हतं. खोली झाडलेली, चटईवर इस्त्री केल्यासारखी घडी घातलेली चादर, स्टोव्हवर पिठलं. मला बघून ते मनापासून खूश झाले, त्यात कुठे चोरटेपणा नव्हता. पेला एकच होता, त्यात मला चहा दिला आणि स्वतः वाटीतून प्यायले. मी दुःख बघायला गेले होते, आणि मला बसला तो त्यांच्या सुखाचा धक्का. तो जास्त लागला.

निघताना बांधापर्यंत सोडायला आले. तिथे थांबून म्हणाले, "मी माझं बोललो. आता तू सांग. तुला कुठे राहायचंय?"

मी डब्याची पिशवी सावरत बस गाठते म्हटलं. पुणं मुलाने सुचवलेलं, लिफ्ट मुलीने, पाथर्डी फाटा शाळेतल्या मैत्रिणींनी. माझं काय? बसमध्ये बसले आणि मला तू दिसलीस, ओझरच्या क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात. बाबांची कारखान्यातली नोकरी संपली होती, क्वार्टर सोडायचं होतं, आणि बाबांनी जेवता जेवता सांगून टाकलं होतं की आपण गावी जायचं. मी माहेरपणाला आलेली, शिकलेली, तोंडाळ. बाबा हात धुवायला उठल्यावर मी तुला म्हटलं, तू नाही म्हण ना, तुझं सगळं इथे आहे. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि मला फटकारलंस. "मला कोण इचारतंय? अन् इचारलं तरी मला कुठं सांगता येतंय?" तेव्हा तुझी कीव आली होती. मला तर त्या दिवशी बांधावर यांनी विचारलंही होतं, आणि उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

मी कुठेच गेले नाही. पाथर्डी फाट्याचा फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीला फोन करून नको सांगितलं. मुलाला सांगितलं पुण्याला पाहुणी म्हणून येईन. पलंग खाली आणून खिडकीशी लावला, आता जिन्याशी माझा संबंध उरला नाही. पहिले काही दिवस घर खायला उठायचं. दोन कप चहा टाकायचे आणि एक ओतून द्यायचे. मग कधीतरी एकच कप व्हायला लागला. संध्याकाळी लवकर जेवते. कंटाळा आला तर दूध-पोळीवर भागवते. कुणी विचारत नाही की भाजी का नाही केली. सकाळी पेपर आधी माझ्या हातात येतो आणि माझ्याच हातून चुरगळतो. हे रविवारी येतात, मळ्यातली वांगी, मेथी आणतात, आम्ही गप्पा मारतो. खरं सांगू, पूर्वीपेक्षा जास्त बोलतो.

गेल्या रविवारी आले तेव्हा थंडी वाढल्याचं बोलले. नदीकडून वारा येतो, पत्र्याखाली झोप लागत नाही, म्हणाले. मी चहा गाळत होते. मग म्हणाले, "मी परत येऊ का? पुढच्या आठवड्यात सामान आणतो."

ह्याच वाक्याची मी वाट बघत होते ना? मुलांना तेच सांगितलं होतं, येतील परत, बघा. देवापुढे रोज तेच म्हणत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "नको. एवढ्यात नको."

 कुणी दुसरीच बाई माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून बोलून गेली असं वाटलं. पण मी शब्द मागे घेतला नाही. चहा त्यांच्यापुढे ठेवला, पिशवीत भरून द्यायला घरातली जाड रजई काढली. ते बरं म्हणाले, चहा संपवला, आणि बसच्या वेळेला उठले.

हे तुला पोचणार नाही, तेच बरं आहे. तू असतीस तर बरोबर किंवा चूक म्हणाली नसतीस, एवढंच विचारलं असतंस, की तेव्हा जावयांचं तोंड कसं झालं होतं गं? आणि मला सांगता आलं नसतं. मी बघितलंच नाही. रजईची घडी घालत राहिले, त्यांनी चपला घालेपर्यंत.